हेल्वीच्या नावाची कॉफी

औलिस वालकामा खोटं बोलत नसे. हा काही फार मोठा गुण म्हणता येणार नाही. आयुष्यभर सरकारी भूमापन खात्यात जमिनी मोजलेल्या माणसाला खोटं बोलायची सवय लागत नाही. दोन शेतांमधला हद्दीचा दगड जिथे असतो तिथेच असतो, त्याच्याशी हुज्जत घालून उपयोग नसतो. अडचण एवढीच, की हा दगड त्याने पुढे पक्ष्यांच्या जगात आणून रोवला, आणि हाउकियार्वी सरोवराच्या काठी जमणाऱ्या बहुतेक सगळ्यांना कधी ना कधी त्याची ठेच लागली.

पानगळीच्या दिवसांत त्या सरोवरावर उत्तरेकडचे कलहंस उतरतात, हंस उतरतात, क्रौंच वरून ओरडत जातात. आपण त्यांच्यासाठी येतो असं लोक सांगतात. खरे येतात ते दुसऱ्याच कुणासाठी तरी. एखादा बोटभर पक्षी, ज्याने सायबेरियातून आग्नेयेला जायचं, तो पश्चिमेला निघतो आणि काठावरच्या वाळुंजाच्या झाडात येऊन पडतो. त्याला दुर्मीळ म्हणतात. तो जितका जास्त चुकलेला, तितकी काठावरच्या पक्षी पाहायच्या मनोऱ्याखाली मोटारींची रांग लांब. माणसं एकमेकांचे हात हातात घेऊन अभिनंदन करतात. पक्ष्याचं कुणी करत नाही, कारण असे पक्षी बहुधा परत जात नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

सरोवराच्या पक्षी मंडळाची एक तपासणी समिती होती आणि औलिस कित्येक वर्षं तिचा अध्यक्ष होता. दुर्मीळ पक्षी दिसल्याचा दावा कुणी केला की तो समितीपुढे यायचा. नियम दोन. फोटो किंवा ध्वनिमुद्रण नसेल तर दोन साक्षीदार हवेत. आणि आपण काय पाहिलं, काय ऐकलं हे प्रत्येक साक्षीदाराने स्वतःच्या शब्दांत सांगायचं, पुस्तकातल्या नाही. दोन्ही नियम औलिसनेच लिहिले होते. त्यांच्या आधारे त्याने सख्ख्या मेहुण्याचा गरुड नामंजूर केला होता, चर्चच्या पाद्रीबाईंचं घुबड नामंजूर केलं होतं, आणि एकदा स्वतःचाच ससाणासुद्धा, कारण घरी आल्यावर त्याला शेपटीबद्दल शंका आली. रेइयोचे तर इतके पक्षी त्याने फेटाळले होते, की त्यांचं एक वेगळं सरोवर भरलं असतं.

रेइयो म्हणजे गावची बस चालवून निवृत्त झालेला ब्रह्मचारी. आवाज मोठा, दुर्बीण जुनी, आणि उत्साह असा की चिखलातली बाटलीसुद्धा त्याला आधी पाणकोंबडी वाटायची.

‘‘स्वर्गाच्या दारात याला देवदूत भेटेल,’’ तो मनोऱ्यावर सगळ्यांना सांगायचा, ‘‘आणि हा म्हणेल, पंखांची खालची बाजू दिसली नाही. नामंजूर.’’

‘‘खालची बाजू महत्त्वाची असते,’’ औलिस दुर्बिणीवरून डोळा न काढता म्हणायचा.

मंजुरीनंतर मात्र एक रिवाज होता. सरोवरावर आजवर न दिसलेला पक्षी कुणाच्या नावावर लागला, की पुढच्या रविवारी त्याने मनोऱ्याखाली सगळ्यांना कॉफी द्यायची, आणि कॉफीबरोबर वेलदोडा घातलेला गोड पाव, पुल्ला. ‘अमक्याच्या नावाची कॉफी’ असं म्हणायचे, आणि ती कॉफी लोक पक्ष्यापेक्षा जास्त दिवस लक्षात ठेवायचे. मंजुरीआधी कुणी कॉफी देत नसे. ते नामकरणाआधी बाळाला हाक मारण्यासारखं झालं असतं.

कॉफी कुणाच्याही नावाची असो, पुल्ला भाजायची हेल्वी, औलिसची बायको. औलिसच्या नावाच्या कॉफ्या तिने केल्या, मंडळातल्या सैलाच्या केल्या, रेइयोला आयुष्यात जी एकुलती एक मंजुरी मिळाली तिचीही तिनेच केली, कारण रेइयोच्या घरी ओव्हनमध्ये मासेमारीचे बूट असत. हेल्वीचं चर्चजवळ लोकरीचं दुकान होतं. पक्ष्यांचा तिला नाद नव्हता. ती मनोऱ्यावर यायची ती विणकाम घेऊन, आणि विणकाम संपेपर्यंत बसायची. तिचा एक पायमोजा पाहून बदकांचा हंगाम किती सरला ते सांगता यायचं.

पण तिच्याकडे कान होते.

औलिसचे गेले होते. सगळे नाहीत. कलहंस ऐकू यायचे, मोटार ऐकू यायची, रेइयो तर नको तेव्हाही ऐकू यायचा. गेले ते वरचे, बारीक स्वर. साठीच्या अलीकडेच एका सकाळी दोघं देवदारांखालून चालली होती. हेल्वी म्हणाली, ‘‘काय गोंधळ घातलाय आज यांनी!’’

‘‘कुणी?’’

ती थांबली. वर बोट दाखवलं. फांदीवर डोक्याला सोनेरी पट्टा असलेले ते इवलेसे पक्षी, सोनशेंडे, उलटेसुलटे लटकत होते. त्यांच्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या. औलिस बराच वेळ बघत राहिला. मग त्याने घसा साफ केला आणि म्हणाला, ‘‘हं. सोनशेंडे.’’

त्यावर दोघांत कधीही बोलणं झालं नाही. त्या घरात महत्त्वाच्या गोष्टींवर बोलायची पद्धत नव्हती. सॉनात बसायचं, वाफ घ्यायची, पुरे. पण पुढच्या रविवारी मनोऱ्यावर हेल्वी त्याच्या डाव्या बाजूला येऊन बसली, आणि विणता विणता तिचं कोपर त्याच्या बाहीला लागलं. हलकंच एकदा. औलिसने वर पाहिलं, चोच शोधली, आणि जाहीर केलं, ‘‘सोनशेंड्या. उजवीकडच्या भूर्जावर.’’ मनोऱ्यावर सगळ्यांनी माना हलवल्या.

वर्षानुवर्षं तसंच चाललं. कोपर एकदा लागलं तर सोनशेंड्या, दाबून लागलं तर काहीतरी वेगळं, आणि मग ती विणकामात मान खाली घालून पुटपुटायची. तिला पक्ष्यांची नावं नीट यायची नाहीत, ती आवाज सांगायची. ओल्या काचेवर बोट फिरवल्यासारखा. डब्यात विसरलेल्या सुईसारखा. ‘‘तो, उकळायच्या आधी किटली करते ना, तसा.’’ औलिसला ते पुरे व्हायचं. मधे डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्रही दिलं. त्यातून चमचे आणि बदकं फार जोरात ऐकू यायची, सोनशेंडे नाहीच. त्याने ते ड्रॉवरमध्ये ठेवलं. आपलं गुपित कुणाला कळलेलं नाही अशी त्याची खात्री होती.

खरंखोटं करण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला हे खोटं वाटलं नाही का? वाटलं असेल. पण त्याच्या मते पक्षी खरा होता, आवाज खरा होता, फक्त ऐकणारे कान एकाचे आणि बोलणारं तोंड दुसऱ्याचं होतं. लग्नात एवढं चालायचंच.

*

हेल्वीच्या शेवटच्या ऑक्टोबरात तिला मनोऱ्याचा जिना चढवेना. पोटातलं दुखणं डॉक्टरांनी नाव घेऊन सांगितलं होतं, आणि तिने ते नाव पुन्हा घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. ती स्वेटरवर स्वेटर घालून खाली वाळुंजापाशी, जुन्या होड्यांच्या छपरासमोरच्या बाकावर बसायची. औलिसही मग खालीच बसायचा. वरून रेइयो ओरडायचा, ‘‘काय रे, तळमजल्यावर भाडं कमी आहे का?’’

‘‘शेजार बरा आहे,’’ हेल्वी वर बघून म्हणायची.

महिना संपत आला होता. काठाला पाण्यावर काचेसारखा पापुद्रा धरायला लागला होता आणि कलहंस बहुतेक निघून गेले होते. त्या सकाळी मनोऱ्यावर कुणी नव्हतं. वाळुंजात काहीतरी हललं. औलिसने दुर्बीण उचलली. इवलासा पक्षी, पंखांवर दोन फिके पट्टे, डोळ्यावर फिकट भुवई. तैगा वटवट्या. तोही सायबेरियातून चुकून येणाराच, पण अलीकडे दरवर्षी येत असल्याने त्याच्या चुकण्याचं कौतुक ओसरलं होतं.

‘‘तैगा,’’ औलिस म्हणाला. ‘‘उशिराच आलाय.’’

हेल्वीच्या सुया थांबल्या होत्या. तिचं कोपर त्याच्या बाहीला लागलं, दाबून.

‘‘हा तो नाही.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘तुझा तैगावाला शेवटी वर जातो. कुणीतरी टाचणी टोचल्यासारखा. हा खाली येतो. चिमणीने सुस्कारा टाकावा तसा. ऐक.’’ मग तिच्या लक्षात आलं आणि ती म्हणाली, ‘‘पुन्हा केलं त्याने. आणि पुन्हा.’’

औलिसने मान झटकन वाळुंजाकडे वळवली. कारण तैगासारखाच दिसणारा, आणि आवाजानेच खात्रीने वेगळा सांगता येणारा दुसरा एक पक्षी असतो. काश्मिरी वटवट्या. तो मध्य आशियातल्या डोंगरांतून निघून हिवाळ्याला हिंदुस्थानात उतरतो, आंब्याच्या राईत. हाउकियार्वीवर तो आजवर कुणी पाहिला नव्हता. औलिसने पुन्हा दुर्बीण लावली. प्रकाश कमी होता. पक्षी करडा वाटत होता, पाय काळपट वाटत होते. वाटत होते. त्याने खिशातून फोन काढला, हातमोजा काढला, आवाज टिपायचं बटण सापडेपर्यंत फांदी रिकामी झाली होती.

‘‘तुला खात्री आहे?’’

‘‘आहे.’’

‘‘पूर्ण?’’

‘‘औलिस, मी स्वतःच्या कानांनी ऐकला.’’

आणि तेव्हा औलिसने ते वाक्य उच्चारलं. समितीच्या टेबलावर तो ते इतक्यांदा बोलला होता, की ते तोंडात तयारच असायचं. ‘‘एकाच माणसाचं ऐकणं पुरेसं होत नाही, हेल्वी.’’

हेल्वीने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. पावती न घेता दुकानातून निघालेल्या गिऱ्हाइकाकडे बघावं, तसं. मग तिने सुया उचलल्या.

‘‘बरं,’’ ती म्हणाली. ‘‘मग तैगा म्हण.’’

तो तैगा म्हणाला. दोघं आणखी थोडा वेळ बसली. पक्षी काही पुन्हा आला नाही. हेल्वीने विचारलं, ‘‘आता तो जाईल कुठे?’’

औलिस पक्ष्यांबद्दल विचारलं की पक्ष्यांबद्दलच उत्तर देणारा माणूस होता. ‘‘कुठेच नाही. आज रात्री पारा शून्याखाली जातोय. असे परत जात नाहीत.’’

‘‘हं,’’ हेल्वी म्हणाली.

संध्याकाळी घरी ती बटाटे सोलत होती. औलिस रेडिओवरचं हवामान ऐकत होता. एकदम ती म्हणाली, ‘‘मला एकदा कॉफी द्यायला आवडलं असतं.’’

‘‘काय?’’

‘‘काही नाही. मोठ्याने लाव, ऐक तू.’’

ती भर हिवाळ्यात गेली. जमीन इतकी गोठली होती की खणायला यंत्र आणावं लागलं, आणि त्या यंत्राचा आवाज औलिसला व्यवस्थित ऐकू आला.

*

पुढच्या शरदात तो मनोऱ्यावर परत आला. अध्यक्षपद त्याने सोडून दिलं होतं. ते आता सैलाकडे होतं. सैला औषधांच्या दुकानात काम करायची. चिठ्ठीवरचा डॉक्टरांचा एक शब्द लागला नाही तर औषध न देणारी बाई, म्हणजे पद योग्य हातात होतं. औलिसच्या रिकाम्या जागी समितीत कुणाला घ्यावं, तर रेइयोला घेतलं. यावर गावात पुष्कळ हसून झालं.

औलिस उजव्या कोपऱ्यात बसायचा आणि काही जाहीर करायचा नाही. पक्षी होते, पण सगळे आवाज बंद केलेल्या टीव्हीतले. लोकांना वाटलं, दुःख आहे, बोलत नसेल. रेइयो मात्र अचानक फार बडबडा झाला होता. म्हणजे तो आधीपासूनच होता, पण आता तो जे ऐकू येईल ते मोठ्याने स्वतःशीच म्हणायचा. ‘‘सोनशेंड्या, डावीकडे! आणखी एक!’’ औलिसला वाटायचं, या माणसाला म्हातारपण फार लवकर लागलं.

मग ऑक्टोबरच्या मध्यावर वाळुंजात एक तैगा वटवट्या आला आणि सगळे बाकापाशी जमले. ऊन स्वच्छ होतं. सैला म्हणाली, ‘‘काय सुरेख! शेवटी कसा वर जातो बघा.’’

औलिसने दुर्बीण लावली. पक्ष्याची चोच उघडत होती. हिरवट पाठ, पिवळसर भुवई, गुलाबी पाय. गुलाबी. तो पाहत राहिला. गेल्या वर्षीचा पक्षी हिरवट नव्हता, करडा होता. भुवई पिवळी नव्हती, मातकट होती. पाय काळपट होते. वाटत नव्हते, होते. हे सगळं त्याने तेव्हाच पाहिलं होतं. डोळ्यांनी हेल्वीच्या कानांना केव्हाच दुजोरा दिला होता, आणि तो मात्र प्रकाश कमी होता असं म्हणत बसला होता. त्या वेळी त्या बाकावर साक्षीदार दोन होते. एकाने ऐकला होता, एकाने पाहिला होता, आणि त्या दोघांचा मिळून एक पक्षी झाला असता.

‘‘औलिस, बरं वाटत नाही का?’’ सैलाने विचारलं.

‘‘वारा आहे,’’ तो म्हणाला. वारा नव्हता.

समितीची बैठक महिन्याच्या शेवटी वाचनालयाच्या मागच्या खोलीत भरली. टेबलाला सैला, रेइयो आणि आणखी दोघं, जे कधीच बोलत नसत आणि म्हणून कायम निवडून येत. औलिस पहिल्यांदाच टेबलाच्या समोरच्या, दावा करणाऱ्याच्या बाजूला बसला. त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली आणि सांगितलं, की गेल्या ऑक्टोबरात त्याची बायको हेल्वी वालकामा हिने वाळुंजात काश्मिरी वटवट्या ऐकला. पक्षी त्याने स्वतः पाहिला. त्याने करडा रंग सांगितला, काळपट पाय सांगितले.

सैलाने चष्मा काढला. ‘‘औलिस, या पक्ष्यात दिसण्यावर कितपत जायचं, ते तूच आम्हाला शिकवलंस. हा आवाजावरच ठरतो. आणि आवाज ऐकणारं एकच माणूस आहे.’’

‘‘नियम मला माहीत आहे.’’

‘‘माहीत असणारच.’’ तिचा स्वर अगदी मऊ होता. ‘‘तूच लिहिलायस.’’

बाहेर कुणीतरी पुस्तकांची ढकलगाडी नेत होतं. औलिस टोपीकडे बघत होता. मग तो म्हणाला, ‘‘दोन माणसं होती. मीही ऐकला.’’

न बोलणाऱ्या दोघांपैकी एकाने कप बशीत ठेवला, तो अगदी आवाज होऊ नये असा.

पुढचा प्रश्न सैलाला विचारावाच लागणार होता. तोही औलिसच्याच नियमातला. ‘‘कसा होता आवाज? तुझ्या शब्दांत.’’

‘‘खाली येणारा,’’ औलिस म्हणाला. ‘‘तैगावाला शेवटी वर जातो, टाचणी टोचल्यासारखा. हा खाली येतो. चिमणीने...’’ तो थांबला. ‘‘चिमणीने सुस्कारा टाकावा तसा.’’

हे बोलणं हेल्वीचं होतं, आणि त्या खोलीत सगळ्यांच्या ओळखीचं होतं. औलिस उपमा देणारा माणूस नव्हता. वाळुंजाबद्दल विचारलं तर तो उंची आणि घेर सांगायचा.

‘‘मंजूर,’’ रेइयो एकदम म्हणाला. ‘‘माझं मत, मंजूर. पुढचा विषय घ्या.’’

औलिसने मान वर केली. रेइयो त्याच्याकडे बघत नव्हता. तो टेबलावरच्या पावाकडे बघत होता. औलिसच्या कुठल्याही शब्दावर गेली कित्येक वर्षं हा माणूस वाद घातल्याशिवाय राहिला नव्हता. काल रविवार होता म्हटलं तरी तो कॅलेंडर मागायचा.

‘‘तू वाद का घालत नाहीस?’’ औलिसने विचारलं.

‘‘कंटाळा आलाय.’’

‘‘रेइयो.’’

‘‘अरे, मंजूर म्हणतोय ना! आयुष्यभरात तू मला हे एकदाच म्हणालास. घे की!’’

‘‘रेइयो, तुम्हा सगळ्यांना माहीत होतं?’’

रेइयोने मोठा श्वास सोडला. मग जमेल तेवढ्या हळू आवाजात तो म्हणाला, आणि तो आवाजही वाचनालयाच्या दारापर्यंत गेला असेल, ‘‘मनोरा केवढा आहे, औलिस? आधी हेल्वीचं कोपर हलायचं, मग तू पक्षी ओळखायचास. कोपर हललं की आम्ही दुर्बिणी उचलायचो. तुझ्या आधी.’’

सैलाने चष्मा परत घातला, परत काढला.

‘‘तुझ्या नावावर जेवढे आवाज आम्ही मान्य केले,’’ ती म्हणाली, ‘‘ते तुझ्या कानांवर नाही केले. तिच्या कानांवर केले. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कधी कुणाला शंका आली नाही.’’

हे तिने धीर द्यायला म्हटलं होतं. सैला चांगली बाई आहे, आणि चांगल्या माणसांना आपला हात नेमका कुठे लागला ते पुष्कळदा कळत नाही. एकाच माणसाचं ऐकणं या टेबलावर इतकी वर्षं पुरेसं होत आलं होतं. रेइयोला पुरलं होतं, सैलाला पुरलं होतं, न बोलणाऱ्या दोघांनाही पुरलं होतं. एका सकाळी, एका बाकावर, एकाच माणसाला ते पुरलं नव्हतं.

औलिस उठला. टोपी दोन्ही हातांत धरून उभा राहिला, चर्चमध्ये उभं राहतात तसा.

‘‘मी ऐकला नाही,’’ तो म्हणाला. ‘‘आवाजाचा साक्षीदार म्हणून माझं नाव काढा.’’

‘‘बस रे,’’ रेइयो म्हणाला. ‘‘गाढवासारखं करू नको. आम्ही चौघंही हो म्हणतोय. या दोघांनाही विचार, बोलतीलसुद्धा आज.’’

‘‘हो म्हणाल. दयेने म्हणाल. तिने दया म्हणून नाही ऐकला तो.’’ ‘‘तिचं नाव लागायचं तर खऱ्यावर लागू दे. नाहीतर नको.’’

‘‘मग एकच साक्षीदार उरतो,’’ सैला म्हणाली. तिचे डोळे भरले होते. ‘‘औलिस, मग मला काय म्हणावं लागेल ते तुला माहीत आहे.’’

‘‘म्हण.’’

‘‘तू नको ना म्हणायला लावूस.’’

‘‘म्हण, सैला. नियम आहे.’’

तिने म्हटलं. एकच शब्द. औलिसने मान हलवली, निर्णय बरोबर आल्यावर तो हलवायचा तशीच, आणि दार हळूच लावून घेऊन गेला.

‘‘या माणसाला मी आता मनोऱ्यावरून ढकलून देणार आहे,’’ रेइयो म्हणाला, आणि बाहीने नाक पुसलं.

*

सर्व संतांच्या दिवशी सगळं गाव स्मशानात मेणबत्त्या लावायला गेलं. औलिसनेही लावली, वात सरळ आहे ना ते पाहिलं, आणि घरी जाऊन कणीक मळायला घेतली.

पुल्ला कसा करतात ते त्याने आयुष्यभर पाहिलं होतं, पण रेडिओ ऐकत ऐकत. मैदा, दूध, लोणी, यीस्ट, साखर. वेलदोडे त्याने खलबत्त्यात कुटले. किती, याचा अंदाज येईना, म्हणून होते नव्हते तेवढे सगळे घातले. कणीक फुगायला ठेवून ती फुगायच्या आतच ओव्हनमध्ये सरकवली. हेल्वी किती थांबायची हे त्याने कधी विचारलं नव्हतं. जे बाहेर आलं, ते जमिनीची हद्द दाखवायला पुरण्यासारखं होतं.

रविवारी सकाळी तो थर्मास आणि टोपली घेऊन मनोऱ्याखाली आला, बाकावर फडकं पसरलं आणि कप मांडले. मनोऱ्यावरचे एकेक जण जिना उतरून खाली आले. मंजुरीशिवाय कॉफी मांडणारा माणूस त्या काठावर कुणी पाहिला नव्हता, आणि मांडणारा तर औलिस. सैलाने दोन्ही हातांनी कप घेतला. न बोलणाऱ्या दोघांपैकी एकाने पावाचा तुकडा कॉफीत बुडवला आणि बराच वेळ बुडवून धरला.

रेइयोने एक खाल्ला. मग दुसरा घेतला.

‘‘दात सांभाळ,’’ सैला कुजबुजली.

‘‘माझ्या दातांचं मी बघतो,’’ तो तोंड भरून म्हणाला. मग औलिसला, नेहमीच्या मोठ्या आवाजात, ‘‘हेल्वीला सांग, वेलदोडा जास्त झालाय.’’

रेइयोचा चेहरा लाल झाला. पण औलिसने मान हलवली. ‘‘हो,’’ तो म्हणाला. ‘‘बराच.’’

कॉफी संपली. लोक एकेक करून वर गेले. सरोवरावर उरलेसुरले हंस उठत होते. औलिसने कप आवरले, फडकं झटकलं, आणि तो बाकावर बसला. उजव्या टोकाला. डावी बाजू मोकळी ठेवायची त्याची सवय गेली नव्हती, आणि ती घालवावी असंही त्याला वाटत नव्हतं.

वाळुंजाची पानं जवळजवळ सगळी गळली होती. खालच्या फांदीवर एक सोनशेंड्या आला. दुर्मीळ नाही, काही नाही. असे शेकड्यांनी असतात. तो उलटा लटकला, सुलटा झाला. डोक्यावरचा सोनेरी पट्टा एकदा चमकला. चोच उघडली, मिटली, पुन्हा उघडली. एवढासा गळा थरथरत होता. औलिसने दुर्बीण उचलली नाही. त्याचा डावा हात मांडीवर होता, आणि बाही किंचित पुढे.

बाहीला काही लागलं नाही.

वरून रेइयो मोठ्याने ओरडला, ‘‘औलिस! सोनशेंड्या! तुझ्या डोक्यावर! ऐकतोयस ना?’’

पक्षी गात होता.

‘‘दिसतोय,’’ तो म्हणाला.